महागावचा रस्ता समुद्राला मिळतो



प्रवासावरचं संमेलन महागावात कशाला, असं मला काहींनी विचारलं. मी त्यांना गावाजवळचा हायवे दाखवला. आपण त्याला नागपूर-तुळजापूर रस्ता म्हणतो. तोच उमरखेड, नांदेड, लातूर करत तुळजापूरला जातो. पुढं सोलापूर, सांगली, कोल्हापूर मागे टाकून आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीत मिऱ्याला समुद्राशी थांबतो. तिकडची माणसं त्याला मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतात. आपल्या शिवारातलं पाणी मात्र पूर्वेला जातं. पुसेतून पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत, मग प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. पाणी एका समुद्राला आणि रस्ता दुसऱ्या समुद्राला मिळणाऱ्या या गावात समुद्राची गोष्ट निघाली, तर त्यात वावगं काय?

मी शाळामास्तर होतो. डिसेंबर-जानेवारीत लाल डब्यातून मुलांच्या सहली घेऊन रत्नागिरीला अनेकदा गेलो. त्या अनुभवावरून आज थोडं बोलणार आहे, कारण आपली माणसं हौसेनं निघतात, पण समुद्राची माहिती कोणी देत नाही.

पहिली गोष्ट उकाड्याची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, म्हणून कोकणातल्या तेहतीस-चौतीस अंशांना आपण मोजत नाही. इथंच फसगत होते. आपली हवा कोरडी. घाम येतो तसा वाळतो आणि अंग निवतं. तिकडं घाम अंगावरच राहतो. आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिथं नेऊन लावला, तर खोली थंड होण्याऐवजी आणखी दमट होईल. तेव्हा सैल सुती कपडे घाला आणि घाम वाळत नाही म्हणून पाणी पिणं थांबवू नका. पावसाळ्यात जाणार असाल, तर लक्षात ठेवा, तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या तीन वर्षांचा पाऊस एका हंगामात पडावा तसा. 1 जून ते 31 जुलै मासेमारीही बंद असते. खुद्द दर्यावर्दी माणूस जेव्हा होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो, तेव्हा आपण पाण्यात पाय घालू नये.

काय पाहावं, हे कुणीही सांगेल. पण मुलांना रत्नागिरीतला थिबा राजवाडा जरूर दाखवा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा इंग्रजांनी इथं आणून ठेवला, 1910 च्या सुमारास हा वाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा परक्या मुलखातच वारला. लोकमान्यांचं जन्मघर आणि 1931 मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं पतितपावन मंदिरही याच गावात आहे. एका दिवसात एवढं पाहून झालं तरी पुष्कळ.

आता ज्यासाठी मी उभा आहे ते सांगतो. मी पैनगंगेत पोहायला शिकलो. पूर आलेली नदी पार केलेली. पहिल्यांदा गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा दुपारी जेवून समुद्रात उतरलो. मनात एकच, ही तर रुंद पैनगंगा. कमरेएवढ्या पाण्यात पायाखालची वाळू सरकली. किनारा समोर दिसत होता, हात मारत होतो आणि लांब जात होतो. एक म्हातारे मच्छीमार ओरडले, "समोर येऊ नको, आडवा जा, आडवा!" आडवा पोहत गेलो, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. नदी एकाच दिशेनं ओढते आणि तिला दोन काठ असतात. समुद्रात किनाऱ्याकडे आलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेनं परत आत धावतं. त्या ओढीशी झुंजलेला पोहणारा दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर जाणारा तिच्यातून सुटतो.

नंतर त्या काकांनी मला एक हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागंपुढं होतं, पण आडाखा चुकत नाही. भरतीनंतर सुमारे सहा तास पाणी उतरत जातं. आता चतुर्थीचं पाहा. चारची पाऊणपट तीन. म्हणजे संकष्टीला दुपारी दर्शन घेऊन भाविक पाण्यात उतरतात, त्याच वेळी ओहोटी लागते. मी ज्या दिवशी उतरलो तीही संकष्टीच होती.

2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली 14 मुलं बुडाली. त्या संध्याकाळी मला माझ्या प्रत्येक सहलीतली मुलं आठवली. कितीदा मी किनाऱ्यावर उभा राहून नुसती डोकी मोजली होती! शिक्षकांनो, हात जोडून मागतो, सहलीच्या परवानगीच्या कागदावर त्या दिवसाची तिथी आणि भरती-ओहोटीची वेळ लिहा. किनाऱ्यावर पोचल्यावर आधी तिथल्या माणसाला विचारा, मग मुलांना चपला काढू द्या. आपल्या घरी भिंतीवर पंचांग असतं, पेरणीला आपण नक्षत्र पाहतो. तिथीची पाऊणपट काढणं आपल्या लेकरांना जड नाही.

मंडपाच्या दाराशी आठवीच्या मुलींनी येत्या दोन महिन्यांच्या तिथी आणि त्यांच्यासमोर भरतीच्या वेळा लिहून तक्ता लावला आहे. रत्नागिरीहून आलेले पाहुणे पहिल्या रांगेत बसले आहेत. ते आपल्या याच रस्त्यानं आले. त्यांना माझी विनंती आहे, चहाच्या वेळी तो तक्ता एकदा तपासून द्यावा. मुली पेन्सिल घेऊन तिथंच थांबल्या आहेत.