जुन्या मोटारीची नवी बॅटरी

घरांतील एखाद्या वृद्धाला पहाटे दवाखान्यांत न्यावयाचें असावें, किल्ली फिरवावी, आणि मोटारीनें नुसता 'टक्' असा आवाज करून गप्प बसावें, हा प्रसंग जुनी गाडी बाळगणाऱ्या कुटुंबांना अपरिचित नाहीं. मग उजाडतांच दुकान गांठलें जातें, 'बॅटरी गेली' एवढेंच सांगितलें जातें, आणि दुकानदार जी पेटी पुढें करील ती गाडींत बसते. निदान बसविली जाते. पुढील दोन-तीन वर्षांच्या त्रासाचें बीज या घाईंत असतें.

बॅटरी खरोखरच गेली आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि तोच बहुधा कोणी विचारीत नाहीं. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास भरतो. १२.४ भरला तर ती सुमारें पाऊण भरलेली, आणि १२ च्या खालीं गेला तर जवळजवळ रिकामी समजावी. परंतु रिकामी असणें वेगळें आणि निकामी होणें वेगळें. गाडी सुरू केल्यावर हाच दाब १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल तर दोष बॅटरीचा नसून तिला भरणाऱ्या यंत्राचा किंवा ढिल्या पट्ट्याचा आहे, आणि अशा गाडींत नवी बॅटरी घालणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें होय. याच्या उलट, गाडी बंद असतांनाही एखादा दिवा किंवा मागाहून बसविलेला रेडिओ गुपचूप वीज खात असतो. हें खाणें एक दशांश अँपिअर इतकेंच असलें, तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी एका पंधरवड्यांत कोरडी पडते. रविवारीं देवळापर्यंत जाऊन येणाऱ्या आणि एरव्हीं आंब्याखालीं उभ्या राहणाऱ्या गाड्यांची तक्रार बहुतेक वेळां हीच असते. खुंट्यांवर जमलेली हिरवट-पांढरी बुरशी गरम पाण्यानें धुऊन काढली व चाप घट्ट केले, तरी पुष्कळ 'मेलेल्या' बॅटऱ्या उठून बसतात!

एवढें पाहूनही ती निकामी ठरली, तर मग निवडीचा प्रश्न. १९८३ पासून २०१४ पर्यंत निघालेली मारुती ८०० ही गाडी घराघरांतून पोंचली; तिचेंच उदाहरण घ्यावें. अशा लहान गाड्यांच्या बॅटरीवर '३८बी२०एल' अथवा '३८बी२०आर' असें कांहींसें लिहिलेलें आढळतें. ही जपानी पद्धतीची खूण आहे. ३८ हा तिच्या ताकदीचा दर्जा; तो अँपिअर-तासांचा आंकडा नव्हे. 'बी' हें अक्षर पेटीची रुंदी व उंची दाखवितें, २० हा आंकडा तिची लांबी सुमारें २० सेंटिमीटर असल्याचें सांगतो, आणि शेवटचें अक्षर खुंट्यांची जागा ठरवितें. घोटाळा येथेंच होतो. ज्या लांब बाजूला खुंट्या आहेत ती बाजू आपल्याकडे करून पाहिलें असतां 'एल' पेटींत धन खुंटी उजवीकडे येते आणि 'आर' पेटींत डावीकडे. 'एल' म्हणजे डावें, असें समजून जो खरेदी करतो त्याच्या गाडींतील तारा पुरत नाहींत. आणि मिस्त्री त्या ओढून-ताणून पुरवितो, कीं लांब तार जोडतो. असली ओढलेली तार पुढें कोठें तरी घासते. म्हणून दुकानांत जातांना जुन्या पेटीवरील अक्षरें कागदावर उतरून न्यावींत; पूर्वीच्या मालकानें चुकीचीच पेटी बसविलेली असण्याचा संभव असल्यानें खालच्या तबकाची लांबी-रुंदीही मोजून न्यावी. खुंट्याही बारीक व जाड अशा दोन मापांच्या येतात. बारीक खुंटीवर जाडाचा चाप पत्र्याचा तुकडा घालून आवळणें हा आपल्याकडील नेहमींचा उपाय. तो वाईट आहे.

मोठी बॅटरी घातली तर गाडीचें 'सेल्फ' जळेल, अशी एक समजूत आहे. ती निराधार होय. व्होल्ट तेच असतील तर सेल्फ आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढतें. मोठ्या पेटीचा खरा धोका तिच्या आकारांत आहे. पेटी उंच असेल आणि वरील लोखंडी झांकण खड्ड्यांत आदळून दोन्ही खुंट्यांना टेंकलें, तर शेंकडों अँपिअरचा प्रवाह त्या पत्र्यांतून वाहतो आणि गाडी पेट घेऊं शकते. पेटी दाबून धरणारी पट्टी न बसविणें हाही तितकाच मोठा प्रमाद.

आतां जाहिरातींत मिरविल्या जाणाऱ्या थंडींतील प्रारंभशक्तीच्या आंकड्याविषयीं. हा आंकडा शून्याखालीं १८ अंश सेल्सिअस तपमानांत बॅटरी ३० सेकंद किती प्रवाह देऊं शकते, हें सांगतो. कॅनडांतील मनुष्यानें तो अवश्य पाहावा. परंतु नागपूर किंवा जळगांव येथें बॅटरीला मारणारा शत्रु वैशाख आहे, पौष नव्हे. उष्णतेनें आंतील शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात आणि पाणी आटतें. यासाठीं गाडी उत्पादकानें सांगितलेल्या आंकड्याहून तो कमी नसला म्हणजे पुरे. त्याच्या मागें धांवून दुप्पट पैसे मोजण्यापेक्षां जिच्यांत वरून शुद्ध पाणी घालतां येईल अशी साधी बुचांची पेटी जुन्या गाडीला पुष्कळदां अधिक मानवते. कांचेच्या तंतूंच्या चटयांमध्यें आम्ल शोषून ठेवणाऱ्या महागड्या बॅटऱ्या नव्या गाड्यांच्या नियंत्रित विजेसाठीं केलेल्या आहेत. जुन्या नियंत्रकाचा दाब वर चढला तर त्यांतील पाणी उडून जातें, आणि तें परत घालतां येत नाहीं.

त्याहूनही जुन्या गाड्यांचा विचार निराळा. डायनॅमो असलेली गाडी रहदारींत हळू चालूं लागली कीं वीज फारशी निर्माण करीत नाहीं. दिवे लागलेले असतील तर सगळा भार बॅटरीवर पडतो. येथें थोडी अधिक अँपिअर-तासांची पेटी, जागेंत बसत असेल तर, खरोखर उपयोगी. मॉरिस ऑक्सफर्ड, जिच्यापासून आपली अँबॅसडर निघाली, ती पूर्वीं धन-भूमीची असे; म्हणजे बॅटरीची धन बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असे. अमेरिकन फोर्ड मोटारी १९५५ च्या नमुन्यापर्यंत धन-भूमीच्या आणि शिवाय सहा व्होल्टच्या होत्या. कित्येक मालकांनीं अशा गाड्या मागाहून ऋण-भूमीच्या करून घेतल्या आहेत, म्हणून पुस्तकावर विसंबूं नये. सांगाड्याकडे जाणारी तार कोणत्या खुंटीला आहे हें डोळ्यांनीं पाहावें. आल्टरनेटर असलेल्या गाडींत तारा उलट जोडल्या तर त्यांतील डायोड क्षणांत जळतात.

दुकानांत दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, पेटी केव्हां बनली? कपाटांत पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू रिकामी होते. सहा महिन्यांहून जुनी असेल तर ती घेऊं नये, अथवा समोर पूर्ण भरून मागावी. दुसरी, हमीचा अर्थ काय? '२४ अधिक २४' असें लिहिलेलें असेल तर चारही वर्षें फुकट बदलून मिळेल असा ग्राहकाचा समज होतो. पहिले २४ महिनेच तसे असतात. पुढील २४ महिन्यांत नव्या बॅटरीच्या किंमतींत केवळ सूट मिळते. पावतीवर तारीख व शिक्का घेतल्यावांचून दुकान सोडूं नये.

पेटी बदलतांना सांगाड्याला जोडलेली तार आधीं सोडावी व शेवटीं जोडावी, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाहीं. जुनी पेटी भंगारवाल्याला देऊन आम्ल गटारांत ओतूं देऊं नये. २०२२ च्या नियमांनीं वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्यांतील शिशाला भाव असल्यानें दुकानदार ती घेऊन नव्या पेटीच्या किंमतींत वजावट देतो. ती वजावट पावतीवर वेगळी लिहून घ्यावी.