बांध, विहीर आणि वाटणी
(सोलापुराजवळ शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत झालेलें भाषण)



भाऊ वेगळे निघाले म्हणजे भांडीं वाटतात, गुरें वाटतात, विहिरींत कोणाचे किती आणे तेंही लिहून घेतात. पण शेताचा बांध फुटला तर तो कोणीं घालावयाचा, हें वाटणीच्या कागदांत कोठेंच नसतें.

आमच्याच घरचें सांगतों. वडिलांनीं काळ्या रानांत उताराला आडवे बांध घातले होते, व जादा पाणी जाण्यास दगडी सांडवा ठेविला होता. त्यांच्यामागें आम्हां तिघां भावांची वाटणी झाली. प्रत्येकास वरची गाडीवाट पाहिजे आणि खालचा ओढाही पाहिजे. म्हणून पट्ट्या उताराला उभ्या पाडल्या. पट्टी उभी म्हणून नांगर उभा, कुळव उभा, पाभरही उभी! प्रत्येक तासाचा पाट झाला व पाणी सरळ ओढ्याला लागलें. एके वर्षीं हस्ताच्या पावसांत आडवा बांध फुटला. फुटला तो तुझ्या पट्टींत, असें एकमेकांस म्हणत आम्ही तिघेही बसून राहिलों. दोन दिवसांचें काम चार वर्षें पडून राहिलें. घळ पडली, वरची माती वाहून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. शेवटीं हद्दीसाठीं कोर्टांत गेलों. वकिलास दिलेल्या पैशांत तसले चार बांध झाले असते. दोष कोणाचा? तिघांचा, त्यांत आम्हीही आलों.

आपल्या जिल्ह्याची शाळू ज्वारी जमिनींत मुरलेल्या ओलीवर पिकते. ती ओल धरावी कशी, याचें संशोधन सोलापुरास 1933 सालीं सुरू झालें. 1972 च्या दुष्काळांत तुमच्याआमच्या आयाबापांनीं खडी फोडली, बांध घातले, तळीं खोदलीं. पुढें त्यांवर टोपलीभर माती किती जणांनीं टाकली?

हिपरग्याचें एकरूख तळें पहा. अदिला नदीवरचें हें धरण 1871 सालीं पुरें झालें. दीडशें वर्षांचा गाळ तळ्यांत बसतो म्हणजे वरच्या रानांची मातीच तेथें बसते. नदीनाल्यांचा व तळ्यांचा गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा, असें जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत सुचविलें होतें. सरकारची गाळ काढण्याची योजना निघाली 2017 सालीं! ज्याचा ट्रॅक्टर त्याचाच गाळ, असें मात्र होतां कामा नये. दोन एकरवाल्यास व कुंभारासही त्यांत वाटा पाहिजे.

कोणी म्हणेल, उजनी आली, आतां बांध कशाला? उजनीचें धरण 1980 सालीं झालें; त्यासाठीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. त्यांत 117 टीएमसी पाणी मावतें खरें, पण निम्म्याहून अधिक साठा मृत. 2024 च्या उन्हाळ्यांत पाणी त्या मृत साठ्याच्याही पुष्कळ खालीं गेलें. शिवाय कालवा सर्वांच्या रानाशीं येत नाहीं, आणि जेथें येतो तेथें ऊस बसला आहे.

म्हणून वाटणी कराल तर पट्ट्या उताराला आडव्या पाडा, आणि बाजूनें एक गाडीवाट सामाईक ठेवा. बांध, सांडवा व विहिरीचा गाळ यांसाठीं दरसाल प्रत्येकानें किती दिवस यावयाचें, तें कागदावर लिहा. बहिणींनाही त्या बैठकीस बोलवा. हक्कसोडावर त्यांची सही घेण्यास सगळे भाऊ एका दिवसांत गोळा होतात. बांधावर मात्र कोणी येत नाहीं!

येत्या चैत्रांत आमच्या रानांतली घळ बुजवावयाची आहे. धाकटा कबूल झाला आहे. थोरले दादा अजून बोलत नाहींत. येथून उठून आम्ही त्यांच्याच घरीं निघालों आहोंत.