पतिपत्नींचा लेखी व्यवहार

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त मांजर्ली येथे भरलेल्या दांपत्यमेळाव्यात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगी पैशाच्या गोष्टी बोलाव्यात, हे काहींस रुचणार नाही. धर्मगुरूने दांपत्यांपुढे उभे राहावयाचे ते प्रीती, एकनिष्ठा, मुलांचे संगोपन अशा विषयांवर बोलण्यासाठी. घराचा हप्ता, बँकेचे पुस्तक आणि मृत्युपत्र या वस्तू वकिलांकडे सोपवाव्यात, असा संकेत आहे. मीही तो पुष्कळ वर्षे पाळला. तो मोडण्यास मला ज्या घटनेने भाग पाडले ती प्रथम सांगतो. जिची ही हकिकत आहे त्या भगिनीची परवानगी घेतली आहे. नाव मात्र सांगत नाही.

बदलापूर पश्चिमेस एक दांपत्य राहत असे. त्यांचे लग्न मीच लाविले होते. दोघेही नोकरी करीत. पहाटेच्या लोकलने मुंबईस जात आणि दिवेलागणीनंतर परतत. त्यांनी कर्ज काढून दोन खोल्यांचे घर घेतले. करारनामा पतीच्या एकट्याच्या नावाने झाला, कारण त्या आठवड्यात पगाराची कागदपत्रे त्याचीच तयार होती. हप्ता त्याच्या खात्यातून जाई. वाणसामान, वीज, सासूबाईंचे औषधपाणी हे सारे पत्नीच्या पगारातून चाले. 'घर दोघांचे' असे दोघेही म्हणत, आणि त्यात तिळमात्र असत्य नव्हते. अकराव्या वर्षी पती अकस्मात हृदयविकाराने वारला. मूलबाळ नव्हते, वडील पूर्वीच निवर्तले होते, मृत्युपत्र केलेले नव्हते. तेव्हा कायद्याने विचारले, घर कोणाचे? आणि कायद्यानेच उत्तर दिले की घर मृत पतीचे. त्यातील अर्धे विधवेचे, आणि उरलेले अर्धे त्याच्या आईचे व भावांचे. ते दीर दुष्ट होते असे कोणी समजू नये. एकाच्या मुलीचे लग्न ठरले होते, दुसऱ्याची नोकरी सुटली होती. त्यांनी आपला वाटा मागितला आणि तो मागण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता.

त्या भगिनीने मला एवढेच विचारले, "फादर, लग्नाच्या आधी तुम्ही आम्हांला तीन वेळा बोलावून शिकवलंत. हे का नाही सांगितलंत?" मजपाशी उत्तर नव्हते.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी आहे की, लग्न लागताच नवऱ्याचे ते बायकोचे आणि बायकोचे ते नवऱ्याचे होते. वेदीपुढे हे खरे आहे, कचेरीत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे २० वे कलम आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू आहे, आणि ते स्वच्छ सांगते की, केवळ विवाहामुळे कोणासही आपल्या जोडीदाराच्या मालमत्तेत हक्क उत्पन्न होत नाही. त्याहून जुना १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याच्या अन्वये पत्नीने स्वतःच्या नोकरीत अथवा धंद्यात मिळविलेले धन तिचे एकटीचे. हे नियम स्त्रियांच्या हितासाठीच झाले. जुन्या इंग्रजी कायद्यात लग्न होताच स्त्रीचे पुष्कळसे धन पतीच्या ताब्यात जाई, त्यास आळा घालावयाचा होता. परंतु परिणाम असा की, तुमच्या घरात चूल एक असली तरी कायद्याच्या दृष्टीने वह्या दोन आहेत. त्या वह्या कायदा आपण होऊन जोडीत नाही. जोडावयाच्या असतील तर तुम्ही दोघांनी लेखणीने जोडावयाच्या आहेत.

एकजण मृत्युपत्र न करता वारल्यास काय होते, तेही पाहा. मुले असल्यास विधवेस एकतृतीयांश आणि मुलांस दोनतृतीयांश. मुले वा नातवंडे नसून रक्ताचे इतर नातलग असल्यास विधवेस अर्धे. पत्नी आधी गेली तर पतीसही हाच हिशेब लागतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते: लग्नापूर्वी केलेले मृत्युपत्र लग्नाने रद्द होते. अविवाहितपणी ज्यांनी शहाणपणाने कागद करून ठेवला होता, त्यांनी तो पुन्हा करावयास हवा.

येथे गोव्याहून आलेली जी कुटुंबे आहेत त्यांची गोष्ट निराळी आहे. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत मुळाशी आहे. तेथे वेगळा करार नसेल तर विवाहाने दोघांची मालमत्ता एक होते, आणि वेगळा करार करावयाचा तो विवाहापूर्वीच. नंतर बदलता येत नाही. ज्यांचे कायदेशीर मूळ निवासस्थान गोवाच राहिले आहे, त्यांच्या मुंबईतील मालमत्तेच्या वारशासही गोव्याचाच कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली जोझे पावलो कुतिन्यो यांच्या खटल्यात दिला. तेव्हा अशा दांपत्यांनी आपण कोणत्या कायद्याखाली येतो हे प्रथम जाणत्या वकिलाकडून ठरवून घ्यावे. शेजाऱ्याचे पाहून कागद करू नयेत.

आता मुख्य विषय. लग्नानंतर पतिपत्नींनी आपसांत मालमत्तेविषयी जो लेखी ठराव करावयाचा त्यास विवाहोत्तर करार म्हणतात. हे परदेशातील श्रीमंतांचे खूळ आहे असे काहींस वाटते. तसे नाही. हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ साली जो घटस्फोटाचा कायदा झाला त्याच्या ४० व्या कलमातच विवाहपूर्व आणि विवाहोत्तर मालमत्ता-व्यवस्थेचा उल्लेख आहे. विवाह मोडण्याचा प्रसंग आला तर न्यायालय असे लेख मागवून त्यांतील मालमत्तेविषयी हुकूम करू शकते. परंतु मुलांचे नुकसान करून आईबापांचा फायदा होईल असा हुकूम त्यास करता येत नाही. घटस्फोट ख्रिस्तसभेस मान्य नाही हे तुम्ही जाणता. पण ज्या कायद्याने मुलांचा घास आधी बाजूस काढून ठेवला, त्याची ती एक ओळ मला मोलाची वाटते.

"फादर, हा अविश्वास नव्हे काय?" असे एका तरुणाने मला विचारले. प्रश्न योग्य आहे आणि सेमिनरीत शिकलेल्या मनुष्यास त्याचे उत्तर देणे भाग आहे. धर्मकायद्याचे ११०२ वे कलम असे आहे की, भविष्यकाळाविषयी अट घालून केलेला विवाह वैध होत नाही. म्हणून लग्नापूर्वीच्या करारात 'अमुक झाले तरच मी तुझा' असा भाव शिरला, तर तो थेट संमतीस बाध आणतो. विवाहोत्तर करारास हे भय नाही. संमती देऊन झाली, गाठ बांधून झाली. ती कोणत्याही कागदाने सैल होत नाही. आता जे लिहावयाचे ते एकत्र संसार कसा चालवावयाचा याविषयीच. धर्मग्रामाच्या हिशेबवहीत मेणबत्त्यांचासुद्धा खर्च लिहिला जातो आणि दरवर्षी ती वही तपासली जाते; त्यावरून तुमचा मजवर विश्वास नाही असे मी कधी मानले नाही.

मात्र करार कोणत्या वेळी करावा याला फार महत्त्व आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे, जवळच्या नात्यातील माणसांनी स्वाभाविक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणी करून दिलेले वचन, मोबदला नसला तरी बंधनकारक होते. आता कलकत्त्याचा १९०० सालचा राजलक्ष्मी देवी यांचा खटला पाहा. पतीने पत्नीस स्वतंत्र राहण्यासाठी व पोटगीसाठी पैसे देण्याचे कबूल केले. लेख रीतसर नोंदविला. परंतु त्याच लेखात दोघांतील भांडणतंट्यांचे वर्णन होते. न्यायालयाने म्हटले की येथे प्रेम दिसत नाही, आणि तो लेख त्या बाईच्या उपयोगी पडला नाही. पुढे १९१२ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने, भविष्यात विभक्त होण्याची सोय आधीच करून ठेवणारा पतिपत्नींचा करार लोकनीतीविरुद्ध म्हणून निरर्थक ठरविला. भांडण झाल्यावर तावातावाने मजकडे कागद घेऊन येणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांस मी आधी चहा पाजून घरी पाठवितो. ज्या दिवशी लिहिण्याची काही गरज नाही असे वाटते, तोच दिवस लिहिण्याचा.

करारात काय असावे? प्रथम दोघांनी आपापले सारे उघड करावे: पगार, ठेवी, भिशी, कर्ज, मित्रास दिलेली जामीनकी. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण बाजारात चालेल. घरात तिने पुष्कळांचे वाटोळे केले आहे. मग लिहावे की घराच्या हप्त्यात कोणाचा किती भाग, घरखर्चास दिलेला पैसाही घर घेण्यास दिला असे धरावयाचे की नाही, माहेरचे दागिने व माहेरून आलेला पैसा कोणाचा, दोघांच्याही आईवडिलांस दरमहा काय पाठवावयाचे, आणि एकाने धंद्यासाठी काढलेले कर्ज दुसऱ्याच्या माथी येणार की नाही.

एक बाब मी विशेष सांगतो, कारण आपल्या भागात ती घरोघर आहे. येथून मुंबईस जाऊन-येऊन दिवसाचे तीन-चार तास प्रवासात जातात. बाळ झाले की नोकरी सोडावयाची ती बहुधा पत्नीने. तिचा पगार थांबतो, पण काम थांबत नाही; उलट वाढते. तिच्या वहीत मात्र त्या दिवसापासून शून्य लिहिले जाते. अशा दांपत्याने ठराव करावा की पतीच्या पगारातील इतका भाग दरमहा तिच्या खात्यात जाईल आणि तो तिचाच राहील. ही भीक नव्हे आणि बक्षीसही नव्हे.

करार दोघांनी निरनिराळ्या वकिलांकडून वाचून घ्यावा. दडपणाखाली घेतलेली सही टिकत नाही, आणि टिकूही नये. पत्नीने पोटगीचा हक्क कायमचा सोडला अशा प्रकारची वाक्ये न्यायालये मानीत नाहीत. मुलांचा ताबा कोणाकडे राहावा हेही न्यायालय मुलांचे हित पाहूनच ठरविते, आईबापांच्या कागदावरून नव्हे.

इतके करूनही, नुसत्या करारावर विसंबू नका. आपल्या देशात असे करार निश्चितपणे अमलात येतील असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून करारात जे ठरेल ते ज्या कागदांना कायदा निःसंशय मानतो अशा कागदांत उतरवावे. घर एकाच्या नावावर असेल आणि अर्धा हिस्सा दुसऱ्यास द्यावयाचा असेल, तर बक्षिसपत्र करून दोन साक्षीदारांसह नोंदवावे. महाराष्ट्रात २०१५ च्या सुधारणेने पतिपत्नींमधील राहत्या घराच्या बक्षिसपत्रास मुद्रांकशुल्क अवघे २०० रुपये ठरविले गेले. स्थानिक अधिभार व नोंदणीचे शुल्क किती ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत समजते. घरावर कर्ज असल्यास बँकेची संमती आधी घ्यावी. आणि हे ध्यानात असू द्यावे की एकदा दिलेले बक्षीस लहर फिरली म्हणून परत घेता येत नाही.

पतीने स्वतःचा विमा उतरविताना तो १८७४ च्याच कायद्याच्या ६ व्या कलमाखाली पत्नी व मुलांच्या हितासाठी आहे असे पॉलिसीवर नमूद करून घ्यावे. मग धंदा बुडाला तरी सावकारांस त्या पैशास सहसा हात लावता येत नाही. अर्ज भरतानाच हे सांगावयाचे असते, आणि एजंट आपण होऊन विचारील असे नाही. बँकेत अथवा सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लाविले म्हणजे मालकी दिली, हा समज सोडून द्यावा. नॉमिनी हा सामान्यतः वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगितले आहे. मालकीची इच्छा मृत्युपत्रात लिहावी लागते. त्यास दोन साक्षीदार पुरेत, मुद्रांकाची गरज नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. ज्यास काही द्यावयाचे त्यास वा त्याच्या जोडीदारास मात्र साक्षीस घेऊ नये. त्याचा वाटा बुडतो.

पवित्र शास्त्रातील तोबितची कथा तुम्हांस ठाऊक आहे. त्या सत्पुरुषाने दहा तालांत रुपे दूरदेशी गाबाएलपाशी ठेविले होते, रीतसर लेख करून. पण मुलास ती गोष्ट सांगितली केव्हा? आंधळा होऊन, दारिद्र्य येऊन, आता मरण यावे अशी प्रार्थना केल्यावर! त्याची पत्नी हन्ना तोवर विणकाम करून घर चालवीत होती. बिचारीस त्या रुप्याविषयी काही ठाऊक होते किंवा नाही, हे ग्रंथात कोठे दिसत नाही. पुढे तोबियाच्या लग्नात रगुएलने कागद मागवून विवाहाचा करार लिहिला, त्याचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर कळू लागला.

कागद ठेवण्याविषयी दोन शब्द. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २०१९ व २०२१ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात शिरले, हे तुम्ही विसरला नसाल. ओले झालेले करारनामे गच्चीवर वाळत घातलेले मी पाहिले आहेत. मूळ कागद उंचावर, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावेत, नकला दुसऱ्या ठिकाणी असाव्यात, आणि ते कोठे आहेत हे दोघांसही ठाऊक असावे.

ज्या भगिनीची हकिकत आरंभी सांगितली, तिने नवे कर्ज काढून सासूबाईंचा व दिरांचा हिस्सा विकत घेतला आणि त्यांच्याकडून हक्कसोडपत्रे नोंदवून घेतली. त्या कर्जाचे हप्ते ती अद्याप फेडीत आहे. सासूबाई तिच्यापाशीच राहतात. गेल्या लेंटमध्ये तिने आपले मृत्युपत्र केले. त्यावर एक साक्षीदार म्हणून माझी सही आहे. दुसरी तिच्या धाकट्या दिराची.