शब्द मोजणारं यंत्र आणि आजी

आमच्या सल्ला केंद्रात सत्तरी उलटलेल्या एक आजी आल्या होत्या. घर त्यांच्या नावावर. मुलांचं म्हणणं, "आईला शब्द आठवत नाहीत, तिचं डोकं ठिकाणावर नाही, सही आम्ही करू." त्यांच्यामुळेच मी आज तुमच्यापुढे कादंबऱ्यांचा विषय घेऊन उभी आहे.

आयरिस मर्डॉक या ब्रिटिश लेखिकेची शेवटची कादंबरी 'जॅक्सन्स डिलेमा' 1995 साली आली. नंतर त्यांना अल्झायमर्स असल्याचं निदान झालं. 1999 साली त्या गेल्या. 2005 साली संशोधकांनी ही कादंबरी त्यांच्या 1954 आणि 1978 च्या कादंबऱ्यांशी ताडून पाहिली. वाक्यांची रचना बरीचशी शाबूत होती, शब्दांचा साठा मात्र आटला होता. आपल्या हस्तलिखितात त्या संपादकांना हात घालू देत नसत, म्हणून हे कळलं. अगाथा ख्रिस्तींच्या 1972 च्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'मध्येही टोरंटोच्या संशोधकांना तेच दिसलं, शिवाय 'काहीतरी', 'कसलंतरी' असे मोघम शब्द वाढलेले. ख्रिस्तींना मात्र असं निदान हयातीत कधी झालं नव्हतं. पी. डी. जेम्सही उतारवयात लिहीत होत्या. त्यांच्यात तशी घसरण नव्हती.

आता ही मोजणी 'मशीन लर्निंग'ने होते. निरोगी आणि आजारी माणसांच्या भाषेचे नमुने संगणकाला देतात आणि फरक तो स्वतःच शोधायला शिकतो. याचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. आजार लवकर कळला तर बाई आपले निर्णय आपणच घेऊन ठेवू शकेल.

पण मर्डॉकची तुलना मर्डॉकशीच झाली, हातात 40 वर्षांचं लिखाण होतं. आमच्या आजींचं लिखाण म्हणजे सही. त्यांना कोणाशी ताडणार? शिकलेल्या पुरुषाच्या बोलण्याशी? नवऱ्याला जन्मभर 'हे' म्हणणारी आणि दुखणं 'कसंतरी होतंय' एवढ्यावर भागवणारी बाई या मोजणीत विशीतच आजारी ठरेल! आणि तो कागद कोणाच्या हाती पडेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लक्षात ठेवा: मानसिक आजार ठरला एवढ्यावरून बाई वेडी ठरत नाही, ते न्यायालयाने जाहीर करावं लागतं.

आजींना मी घराबद्दल विचारलं. कर्जाचा कुठला हप्ता कशातून फेडला, कुठली बांगडी कधी मोडली, सगळं त्यांनी सांगितलं. पतपेढीचं नाव तेवढं आठवेना. "ते हे गं, देवळासमोरचं." जबाबात आम्ही तसंच लिहून घेतलं.