समुद्राचे काम आणि आपल्या मुली

(रत्नागिरी येथे किशोरी आणि त्यांच्या आया यांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची भाषा बहुतांशी तशीच ठेवली आहे.)



आज इथे बारावीच्या आणि कॉलेजच्या मुली आहेत, त्यांच्या आया आहेत, आपल्या गटांच्या कार्यकर्त्याही आहेत. मला विषय दिला आहे 'समुद्रविज्ञान आणि सागरी प्राण्यांची निगा : मुलींसाठी संधी'. संधी हा शब्द मला जरा खटकतो. संधी म्हटले की वाटते, दार उघडेच आहे, मुलीने फक्त आत जायचे. हे दार बंद कुणी ठेवले होते आणि अजून कुठे अडते, तेही बोलायला हवे.

समुद्राचा अभ्यास बोटीशिवाय होत नाही आणि बोटीवर बायकांना घेत नसत. मेरी थार्प नावाची अमेरिकन बाई होती. १९५० च्या दशकात तिने अटलांटिक महासागराच्या तळाचा नकाशा काढला. खोली मोजायला पुरुष बोटीतून जात, आकडे घेऊन येत, आणि ही जमिनीवर बसून ते कागदावर मांडी. त्या आकड्यांतून तिला दिसले की समुद्राच्या तळाशी डोंगरांची लांबच लांब रांग आहे आणि तिच्या मधोमध एक भेग गेली आहे. सहकाऱ्याने आधी ती बायकी बडबड म्हणून उडवून लावली. पुढे तिचेच खरे ठरले. तिला स्वतःला मात्र संशोधनाच्या बोटीवर पाय ठेवायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

त्याच दशकात आपल्या हिंदी महासागरात अनेक देशांची मिळून मोठी मोहीम झाली. त्यातल्या 'अँटन ब्रून' या जहाजावर १९६४ साली सिल्व्हिया अर्ल ही वनस्पतिशास्त्रज्ञ होती. सत्तर पुरुष आणि ही एकटी. मोंबासाच्या वर्तमानपत्राने बातमी काय दिली? तिने कोणते शेवाळ शोधले ही नव्हे, तर ती सत्तर पुरुषांबरोबर निघाली आहे ही! याच मोहिमेतून पुढे १९६६ साली आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, ती आज गोव्याला दोना पावला येथे आहे. आणि त्याच संस्थेत काम करणाऱ्या डॉ. अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. बरोबर भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. तिथे गेलेल्या या पहिल्या दोन भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. अदिती पंत नागपुरात जन्मल्या, पुणे विद्यापीठात शिकल्या. मुलींनो, हे नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात नसेल तर वहीत लिहून ठेवा.

आता कामाकडे येऊ. समुद्रविज्ञान म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? डॉल्फिनला कुरवाळणारी परदेशी मुलगी. ते चित्र पुसून टाका. डॉल्फिनचे खेळ करणारी उद्याने आपल्या देशात २०१३ सालापासून चालत नाहीत आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. खरे काम वेगळे आणि पुष्कळ मोठे आहे. प्रवाह आणि लाटा यांना भौतिकशास्त्र लागते, पाण्यातल्या क्षारांना रसायनशास्त्र, तळाच्या गाळाला भूशास्त्र, जिवांना जीवशास्त्र. पावसाळा सरता सरता आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात ऑक्सिजन फार कमी असलेले पाणी वर येते, मासळीला तिथे राहवत नाही. हे कळले ते अशा सगळ्या विषयांची माणसे एकत्र बसली म्हणून. मासळी कुठे मिळेल याचा अंदाज हैदराबादची सरकारी संस्था बोटवाल्यांना पाठवते. उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि हिरवेपणा यांवरून तो काढतात. ते काम करणारी मुलगी वर्षानुवर्षे समुद्रावर गेली नाही तरी चालते. म्हणजे गणित चांगले असलेल्या मुलीलाही इथे जागा आहे.

प्राण्यांची निगा हे मात्र अंगमेहनतीचे काम आहे. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. वाळूच्या उबेत साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त निघतात. (हे ऐकून आमच्या गटातली एक जण म्हणाली, तिथे तरी मुली जास्त होऊ दे!) जखमी कासवे बहुतेक वेळा तुटक्या जाळ्यात अडकलेली असतात, वल्ह्यासारखे पाय कापले गेलेले असतात. डहाणूला अशा कासवांवर उपचार करण्याचे केंद्र आहे. तिथे जखमा धुणे, वजन घेणे, टाकीचे पाणी बदलणे हे रोजचे. डॉक्टर व्हायचे तर पशुवैद्यकाची पदवी हवी, परळला त्याचे जुने कॉलेज आहे. पण तिथे शिकवतात प्रामुख्याने गाई-म्हशी, कुत्री, कोंबड्या. कासव पुढे हाताखाली राहूनच शिकायचे. पगाराच्या जागाही थोड्या, हे आत्ताच सांगते. कुणी फुकट राबवून 'अनुभव' देऊ लागले तर किती दिवस आणि कशासाठी, हे विचारायला लाजू नका.

आता या आयांशी बोलते. किनाऱ्यावर पहाटे गस्त घालून कासवांची घरटी राखणाऱ्यांना काही ठिकाणी मानधन मिळते. मला तरी या कामावर बहुतेक पुरुषच भेटले. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, बाईने अंधारात किनाऱ्यावर कसे जायचे? अहो, मासळी घ्यायला पहाटे चारला जेटीवर कोण उभे असते? खाडीत गुडघाभर चिखलात तिसऱ्या आणि कालवे कोण काढते? अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग शाळेत न जाता कुणाला कळतो? हे तुम्हाला येते, पण त्याला ज्ञान म्हणत नाहीत आणि पैसे तर देतच नाहीत. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतात आणि त्याचे पैसे घेतात. त्यांना तिवरांच्या जाती ओळखता येतात. माझ्या मते हेही समुद्रविज्ञानाच्या दारातलेच काम आहे.

एक गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरीच्या कामानिमित्त जावे लागते ती जागा आणि मालकाने दिलेले वाहन, दोन्ही कामाच्या जागेत धरतो. म्हणजे संशोधनाचे जहाज आले, रात्रीची गस्तही आली. पण जहाज आठवडेच्या आठवडे बंदराला लागत नाही. तक्रार करायची कुणाकडे, आणि ज्याच्याविरुद्ध केली त्याच्याच पंक्तीला पुढचे वीस दिवस जेवायचे? म्हणून निघण्यापूर्वीच विचारायचे : मोहिमेत बायका किती, केबिनला आतून कडी आहे का, समितीशी बोलण्याची सोय काय, पाळीच्या दिवसांत कचरा कुठे टाकायचा. यातला शेवटचा प्रश्न मुली विचारत नाहीत आणि चार दिवस पाणी कमी पितात. संस्थांना हे प्रश्न एकेका मुलीने विचारण्यापेक्षा आपल्या गटांनी पत्र लिहून विचारावे.

आणि जवळचेच सांगायचे तर, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय इथून एसटीने जाण्याच्या अंतरावर आहे. बारावी शास्त्र शाखा झाली की तिथे पदवीला जाता येते. मुंबईला वर्सोव्याला पुढचे शिक्षण आहे, गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञानाची एम.एस्सी. आहे. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातले मत्स्यालय तर कित्येकींनी सहलीत पाहिले असेल, पण आतली प्रयोगशाळा पाहिली नसेल. ती दाखवा असे पत्र आपण देणार आहोत. ज्यांना यायचे आहे त्यांनी चहाच्या वेळी नावे द्या. आयांनीही द्या, आम्ही दोन वेगळ्या याद्या करणार नाही.