थंडीतली चक्कर

पावर हाउसच्या बाजारातून आत्ताच घरी आलोय. तिथे सकाळी दुकानांपुढे शेगड्या पेटल्यात, आपल्या भिलाईत त्यांना सिगडी म्हणतात. लोक हात शेकत उभे. मी लडाखमध्ये उणे वीसमध्ये राहिलेला माणूस, ही काय थंडी, म्हणून हसायचो. गेल्या जानेवारीत पहाटे चारला लघवीला उठलो आणि बाथरूमच्या दारातच कोसळलो. भुवईला तीन टाके पडले.

घरचे म्हणाले, थंडी डोक्यात गेली, कानटोपी घालत जा. टोपी घालतोच, पण कारण निराळं निघालं.

थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत सरकतं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. म्हणून हिवाळ्यात लघवी जास्त. तहान मात्र लागत नाही. माझं दिवसाचं पाणी जेमतेम तीन ग्लास, बाकी चहा. त्यात रात्री रक्तदाबाची गोळी. अशात रजईतून ताडकन उठलं की रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं. डॉक्टरांनी आधी झोपवून, मग उभं करून दाब मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर हा दोष धरतात. माझा वरचा २६ ने उतरला.

खरं सांगतो, लाज वाटली. चौकीवर जवानांना तहान नसली तरी पाणी प्यायला लावायचो, बाटल्या तपासायचो. स्वतःची कोण तपासणार?

आता तहानेची वाट बघत नाही. उठताना पलंगाच्या काठावर बसतो, पाय हलवतो, मग उभा राहतो. गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलली, तुम्ही आपल्या मनाने बदलू नका. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती, हेही त्यांनाच विचारा. फार कढत पाण्याने अंघोळ केली तरी वाहिन्या सैल पडून भोवळ येते.

आणि ती सिगडी. बाजारात ठीक, दार लावून खोलीत नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि झोपेतच माणूस जातो. घरात दोघातिघांना एकदमच चक्कर आली, तर पाणी पीत बसू नका. सगळ्यांना उघड्यावर काढा आणि १०८ ला फोन करा. आमच्याकडे झोपण्याआधी बुखारी विझवायची सक्त ताकीद असे, आणि ती विझली का हे मी स्वतः जाऊन बघत असे.