आधी पाणी मुरवा, मग मासे सोडा



एका टाकीत मासे पाळायचे. त्यांचं पाणी शेजारच्या खडीच्या वाफ्यात सोडायचं. वाफ्यात भाजी लावायची आणि निथळलेलं पाणी परत टाकीत आणायचं. या पद्धतीला ॲक्वापोनिक्स म्हणतात. नाव अवघड आहे, पण काम परसात होण्याजोगं आहे. पाणी तेच तेच फिरत राहतं. उन्हानं उडालं आणि झाडांनी ओढलं, तेवढंच नवं भरायचं. हजार लिटरच्या टाकीला एरवी दिवसाला एक-दोन बादल्या पुरतात, उन्हाळ्यात थोडं जास्त लागतं. ज्या गावात होळीलाच विहिरीचा तळ दिसतो, तिथल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर गोड्या पाण्याची अशीच ओढ आहे. तिथं व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून या पद्धतीवर काम केलं. तिलापिया माशांच्या पाण्यावर त्यांनी भेंडी आणि सॅलडची पानं पिकवून दाखवली. तेव्हा ही गोष्ट हवेतली नाही. मात्र तिच्यात एक खोच आहे, आणि ती मी पैसे घालवून शिकलो.

मी पहिली टाकी मांडली, पाणी भरलं, पंप लावला आणि त्याच संध्याकाळी चाळीस बोटुकली सोडली. पाणी आरशासारखं. आळीतली पोरं बघायला यायची. सातव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. नवव्या दिवशी सकाळी एकतीस मासे उलटे तरंगत होते. घरातून प्रश्न आला, "अहो, पाण्याचा तळ दिसतोय की, मग मेले कशानं?"

मंडळी, या प्रश्नाच्या उत्तरातच सगळी विद्या आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य कुजूनही अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला तो विष आहे. पाण्यात आणि खडीवर दोन तऱ्हेचे जिवाणू वाढतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बेताचं असेल तर माशाला बाधत नाही आणि भाजीचं तर ते खतच. म्हणजे या संसारात मासा आणि भाजी यांच्यामध्ये एक तिसरा, न दिसणारा गडी राबत असतो. माझ्या टाकीत तो गडी अजून कामावर आलाच नव्हता.

दुधाला विरजण लावलं तरी दही लागायला रात्र जावी लागते. तसंच या पाण्याचं आहे. ते मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. ते मुरवायचं असं:

टाकी भरून पंप आणि हवेचा पंप सुरू करा. नळाचं, औषध टाकलेलं पाणी असेल तर आधी दोन दिवस उघड्यावर ठेवा. मासे सोडायचे नाहीत. रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाका. ते कुजेल, अमोनिया होईल आणि जिवाणूंना खायला मिळेल. कुणाची चालती, निरोगी टाकी माहितीत असेल तर तिथली दोन घमेली ओली खडी आणून वाफ्यात मिसळा, ते झालं विरजण. शेण किंवा गोमूत्र मात्र यात घालू नका. पालेभाजी याच पाण्यावर वाढणार आहे, ताज्या शेणातले रोगजंतू पानावर नकोत.

शोभेच्या माशांच्या दुकानात पाणी तपासायचा थेंबांचा संच मिळतो. आठवड्यातून दोनदा तपासा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट चढेल. दोन्ही उतरून शून्याजवळ आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की पाणी मुरलं. तेव्हा मासे सोडा, तेही आधी निम्मे आणि बाकीचे दोन-तीन आठवड्यांनी.

आता मांडणीचं माप सांगतो. हजार लिटरची टाकी घ्या. वाफा दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि एक फूट खोल. वाफा टाकीपेक्षा उंच हवा, म्हणजे पाणी आपोआप परत उतरतं. भरलेल्या खडीचं वजन टनाच्या वर जातं, तेव्हा ओटा पक्का बांधा. खडी काळ्या दगडाची, अर्धा ते पाऊण इंची, स्वच्छ धुतलेली घ्या. तिच्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर ती चुनखडीची आहे, परत करा. पंप तासाला हजार लिटर पाणी वर चढवणारा पुरेसा आहे. टाकीवर सावली आणि जाळी हवीच. ऊन लागलं तर शेवाळ माजतं आणि जाळी नसेल तर खंड्या टपलेलाच असतो.

एवढ्या टाकीत तीस ते चाळीस मासे ठेवा. सगळे मिळून दहा किलोंच्या वर जाऊ देऊ नका. भरल्या टाकीला दिवसाचं खाद्य दीडशे ते दोनशे ग्रॅम, दोन वेळांत वाटून द्या. दहा-पंधरा मिनिटांत संपेल तेवढंच टाका आणि उरलेलं काढून घ्या. मासा आपला पाहुणा नव्हे, आग्रह करू नका. जादा खाद्य म्हणजे जादा अमोनिया.

कोणता मासा? पंगस चालतो, पण त्याला थंडी सोसत नाही. गारठा पडणाऱ्या भागात सायप्रिनस बरा. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, पाळायची तर सरकारी परवानगी लागते. थाई मांगुराला तर देशात बंदीच आहे, कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. बी घेण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून या.

भाजीत पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू, आंबट चुका यांनी सुरुवात करा. टोमॅटो आणि मिरचीला जास्त अन्न लागतं, ती मासे मोठे झाल्यावर लावा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय असं समजा. आपल्या बोअरच्या पाण्याचा सामू बरेचदा साडेसातच्या वर असतो, त्यात लोह झाडाला लागू पडत नाही आणि अमोनियाही अधिक जाळतो. पावसाचं साठवलेलं पाणी मिसळलं तर सामू उतरतो. पुढं जिवाणूंच्या कामानं तो आपसूक खाली येतो. साडेसहाच्या खाली जायला लागला तर धुतलेल्या शिंपल्यांची पुरचुंडी टाकीत सोडून ठेवा.

फवारणीचं एक पथ्य कडक पाळा. या वाफ्यावर कोणतंही कीटकनाशक किंवा मोरचुदाचं औषध मारायचं नाही. निंबोळी अर्कसुद्धा माशाला बाधतो. मावा दिसला तर पाण्याच्या धारेनं धुवा, रोगट पानं खुडून टाका.

आता तुम्ही विचाराल, वीज गेली तर? हाच खरा घोर आहे. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू उतरत जातो, उन्हाळ्याच्या रात्री तर झपाट्यानं. म्हणून हवेचा पंप बॅटरीवर चालेल अशी सोय पहिल्या दिवसापासून करा. बॅटरीही दगा देईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं: खाद्य बंद, आणि बादलीनं टाकीतलंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहायचं. पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा मिसळते. आमच्याकडे एका रात्री दोघांनी आळीपाळीनं असं करून मासे वाचवले आहेत.

शेवटी हिशेबाचं बोलू. दोन्ही पंप मिळून चाळीस वॉटचे धरले, तर दिवसाला सुमारे एक युनिट वीज जाते. मासा किलोभर वाढायला दीड ते दोन किलो खाद्य लागतं. एका टाकीतून एका खेपेला फार तर दहा किलो मासळी आणि घरापुरती रोजची भाजी निघते. यातून लाखाचा धंदा होईल असं सांगत कुणी मोठा संच विकायला आला, तर त्याला आधी विचारा, "तुमची स्वतःची टाकी किती वर्षं चालली आहे?" कर्ज काढून मोठा पसारा मांडू नका. एक टाकी वर्षभर चालवा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही बघा. हात बसला की पुढचं पुढं.

थोडक्यात ध्यानात ठेवा:

१. पाणी चार ते सहा आठवडे मुरवा, तपासून मगच मासे सोडा.
२. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते निर्धोक समजू नका.
३. हजार लिटरला चाळीसहून जास्त मासे नकोत.
४. खाद्य मोजून द्या.
५. विजेला पर्याय तयार ठेवा.
६. वाफ्यावर औषध फवारू नका.
७. मासे वर येऊन तोंड उघडू लागले की खाद्य बंद करा, हवा वाढवा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला.

पुन्हा टाकी मांडली तेव्हा मी सहा आठवडे नुसत्या पाण्याला खाद्य घालत बसलो. लोक हसले. त्या खेपेला सोडलेले मासे मात्र पावसाळा बघून ताटात आले, आणि सोबत त्याच पाण्यावरची अळूची भाजी होती.